सँडो ते सूर्यनमस्कार : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

बिनबाह्यांच्या बनियनला आपण सारेच सँडो म्हणतो. पण हा सँडो कोण, कुठला, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो एक हाडामांसाचा माणूस होता, त्याच्या पिळदार शरीराने एके काळी अर्ध्या जगाला वेड लावले होते आणि त्याच वेडाने महाराष्ट्रातील एक राजपुत्र दहा वर्षे भारला गेला होता, हे मला कळले ते आमच्या आचरे गावच्या गावपळणीत.

गावपळण म्हणजे काय, हे मालवण भागातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगतो. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत श्रीदेव रामेश्वराच्या आज्ञेने आमचा सारा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसेच काय, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर असतात. झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजने रंगतात. लहानपणी या दिवसांची मी वाट पाहत असे. गेल्या गावपळणीला मात्र माझे तोंड आंबट झाले होते. कारण एकच. तीन दिवस माझी वजने मला मिळणार नव्हती.

मी अंगाने किरकोळ. शाळेत मुले मला काडी म्हणत. कॉलेजात आल्यावर मी एका व्यायामशाळेत नाव घातले आणि वर्षभरात दंड, छाती भरली. इथवर सारे चांगले होते. पुढे मात्र व्यायाम माझ्या ताब्यात न राहता मी त्याच्या ताब्यात गेलो. दिवसातून दोनदा वजने, मोबाईलवर दिसणाऱ्या शरीरांशी तुलना, आरशासमोर तासन् तास. शरीर वाढत होते आणि आरशातला मी मात्र मला अधिकच काडी दिसत होतो. झोप उडाली. कंबरेत कळ येई, ती मी कोणाला सांगत नसे. एका माहीतगार म्हणवणाऱ्याने बिननावाच्या डब्यातली पावडर दिली, ती मी मुकाट्याने घेतली. पुढे त्याने इंजेक्शनांची गोष्ट काढली. परीक्षेच्या अर्जासाठी बाबांनी दिलेले पैसे मी त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी पेज वाढायला उशीर झाला म्हणून मी आजीवर ओरडलो. ती काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याने मी ओशाळलो, तरी राग जाईना. वजनांवाचून दोन दिवस गेले एवढेच काय ते कारण होते.

त्याच पहाटे आमच्या शेजारच्या झोपडीतले निवृत्त गुरुजी ओढ्याकाठी उगवत्या सूर्याकडे तोंड करून नमस्कार घालताना मी पाहिले होते. वय सत्तरीच्या पुढचे, शरीरावर दाखवण्यासारखे काही नाही. पण वाकणे, उठणे, श्वास घेणे सारे संथ आणि एकसारखे. आजीच्या प्रसंगानंतर त्यांनीच मला जवळ बसवून घेतले. त्यांनी उपदेश केला नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या, सावंतवाडीजवळच्या कोलगाव येथे जन्मलेल्या पंडित सातवळेकरांची आणि सातवळेकरांना आश्रय देणाऱ्या औंधच्या राजांची हकीकत त्यांनी मला सांगितली. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात मी त्या राजांविषयी मिळेल ते वाचून काढले. त्यातूनच हा लेख तयार झाला.

औंध हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातील गाव. यमाई देवीचे ठाणे आणि पंतप्रतिनिधींच्या छोट्या संस्थानाची राजधानी. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. ते थोरले चिरंजीव नव्हते, त्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा धरून त्यांचे बालपण गेले नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांत पदवीधर विरळा. चित्रकला आणि कीर्तन यांची त्यांना मनापासून आवड होती आणि व्यायामाची ओढ तर होतीच.

युजेन सँडो हा बाळासाहेबांहून एका वर्षाने मोठा. १८६७ साली प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मलेल्या या माणसाने बलप्रदर्शनाला नवे वळण दिले. तोवरचे मल्ल वजने उचलून दाखवीत. सँडो रंगमंचावर उभा राहून स्नायू दाखवू लागला. शरीर ही पाहण्याची वस्तू झाली, छायाचित्रांत विकली जाऊ लागली. त्याने पुस्तके लिहिली, मासिक काढले, डंबेल्स आणि स्प्रिंगची साधने टपालाने घरोघर पोहोचवली. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपल्या बनियनला त्याचे नाव चिकटले यावरून त्याचा दबदबा ध्यानात यावा.

बाळासाहेबांनी १८९७ साली सँडोची पुस्तके आणि साधने मागवली. तेव्हा त्यांचे वय एकोणतीसच्या आसपास होते. हौस म्हणून चार दिवस हाताळून त्यांनी ती बाजूला टाकली नाहीत. पुढची दहा वर्षे त्यांनी हा व्यायाम नेमाने केला आणि त्याचा गुणही त्यांना आला. म्हणजे सँडोची पद्धत फसली म्हणून त्यांनी ती सोडली असे नव्हे, आणि मला या चरित्रात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. आपल्याला जमलेली, फळ देणारी, साऱ्या जगाने वाखाणलेली गोष्ट पुन्हा तपासून पाहण्याची तयारी फार थोड्यांच्या अंगी असते.

१९०८ साली मिरजेच्या थोरल्या पातीच्या अधिपतींच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार पद्धतशीर सुरू केले. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थांच्या काळापासून ते चालत आल्याचे परंपरा सांगते. पण घरोघर वेगवेगळ्या रीतीने, बहुधा व्रत म्हणून किंवा पैलवानांच्या जोर-बैठकांच्या जोडीने ते घातले जात. बाळासाहेबांनी त्यांना शिस्त लावली. एका नमस्काराच्या दहा स्थिती ठरवल्या, प्रत्येक स्थितीत श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा हे नेमून दिले. सूर्याची नावे बीजमंत्रांसह मोठ्याने उच्चारण्यावर त्यांचा भर होता. त्या उच्चाराने आतल्या इंद्रियांनाही चालना मिळते असे ते मानीत. वयाच्या मानाने नमस्कारांची संख्या हळूहळू वाढवावी, एकदम उडी मारू नये, हाही त्यांचा नियम.

यातील फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. सँडोच्या व्यायामात एकेका स्नायूवर लक्ष असते. बाळासाहेबांच्या नमस्कारात पाठीचा कणा, फुप्फुसे, पोट, वाणी आणि चित्त ही सारी एकाच वेळी कामाला लागतात. त्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, आणि चार हातांची जागा पुरते. मला वाटते, आणखीही एक फरक आहे. सँडोचा व्यायाम करणाऱ्याचे तोंड आरशाकडे असते. नमस्कार घालणाऱ्याचे सूर्याकडे.

पुढल्याच वर्षी, म्हणजे १९०९ साली, संस्थानात झालेल्या उलथापालथीनंतर गादी बाळासाहेबांकडे आली. वय एकेचाळीस. आता नमस्कार हा एकट्याचा नेम राहिला नाही. राणीसाहेब आणि मुले नमस्कार घालू लागली. संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना ते शिकवले जाऊ लागले. स्त्रियांनी व्यायाम करावा हे म्हणणेच ज्या काळी धाडसाचे होते, त्या काळी या राजाने आपल्या घरापासून सुरुवात केली. त्यांनी पुस्तके लिहिली, गावोगाव प्रात्यक्षिके दाखवली. १९३६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ते विलायतेला गेले. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या बाईंच्या संपादनाने त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. त्याच्या नावातच आरोग्याचा दहा स्थितींचा मार्ग असा उल्लेख आहे.

व्यायामाइतकाच जोर त्यांनी आहारावर दिला. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ, चहा, कॉफी यांच्यावर त्यांचा राग होता; हातसडीचे धान्य आणि साधे जेवण यांचे ते कैवारी होते. हे वाचताना मला हसू आले आणि लाजही वाटली. कारण ज्या आजीवर मी ओरडलो, तिच्या हातची पेज उकड्या तांदळाची होती. भात उकडून मग भरडला की कोंड्यातले सत्त्व बऱ्याच अंशी दाण्यात उतरते, हे आज आहारशास्त्रही सांगते. घरची पेज, कुळथाची पिठी आणि बांगडा सोडून मी बिननावाच्या डब्यात बळ शोधत होतो.

बाळासाहेबांचे आयुष्य केवळ व्यायामात गेले असते तर त्यांचे चरित्र मला एवढे भावले नसते. कमावलेले शरीर त्यांनी कशासाठी वापरले ते पाहा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान त्यांनीच दिले आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. सातवळेकर १९१८ साली औंधला आले आणि तीस वर्षे तिथे राहून वेदांचे आणि योगाचे काम करीत राहिले. बाळासाहेबांनी स्वतः चित्रे काढली, कीर्तने केली, आणि १९३८ साली डोंगरावर चित्रसंग्रहालय उभारले. १९३९ साली, वयाच्या सत्तरीत, गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना अमलात आणली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचे मूळ तिच्यातच आहे. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेब गेले. सँडो १९२५ सालीच एकोणसाठाव्या वर्षी गेला होता. एवढ्यावरून काही सिद्ध करायला जाणे बरे नव्हे. दोन माणसांच्या आयुर्मानावरून व्यायामाची परीक्षा होत नसते.

बाळासाहेबांचे सारेच मी डोळे मिटून स्वीकारतो असेही नाही. नमस्कारांनी जवळजवळ सर्व रोग हटतात, असा त्यांच्या लिखाणाचा सूर आहे. तो भक्ताचा सूर आहे, वैद्याचा नव्हे. ज्याची कंबर दुखते त्याने नमस्कारही डॉक्टरांना विचारूनच घालावेत. शाळेत सक्तीने घातलेल्या नमस्कारांची गोडी सगळ्याच मुलांना लागली असेल असेही नाही. आणि वजनांचा व्यायाम वाईट आहे, असे तर मुळीच नाही. बेताने, जाणत्याच्या नजरेखाली केला तर त्याने हाडे आणि स्नायू बळकट होतात. घातक आहे ती घाई. स्नायू वाढतात ते विश्रांतीत आणि झोपेत. ती तोडून केलेली मेहनत उलटते. शरीर फुगवणाऱ्या हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी यकृत, हृदय आणि जननेंद्रिये यांना इजा होते, स्वभाव चिडका होतो, मन खचते. भरलेले शरीरही आरशात अपुरे दिसत राहणे हा मनाचा आजार आहे; त्यावर उपचार आहेत आणि ते घेण्यात लाज नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा, आपण एकटे नाही, एवढ्यानेच निम्मे ओझे उतरले.

गावपळण संपली, देवाचा कौल झाला, आम्ही घरी परतलो. पैसे मी परीक्षेच्या अर्जासाठीच भरले. पावडरचा डबा टाकून दिला. आजीची क्षमा मागायला मात्र मला आणखी आठ दिवस लागले. वजन उचलण्यापेक्षा ते अवघड होते. आज मी आठवड्यातून तीन दिवस वजने घेतो, कंबर बरी झाल्यावर डॉक्टरांच्या संमतीने सकाळी बारा नमस्कार घालतो आणि रात्री वेळेवर झोपतो. आरसा अधूनमधून अजून मला छळतो. नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

आपल्या कॉलेजातले कितीतरी मित्र आज व्यायामशाळेत जातात, याचा मला आनंदच वाटतो. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, आमच्या गावपळणीसारखे तीन दिवस स्वतःला देऊन पाहावेत. वजने नाहीत, आरसा नाही, पावडर नाही. त्या तीन दिवसांत भूक लागते का, झोप येते का, घरच्यांशी गोड बोलता येते का, हे पाहावे. येत असेल तर आपले बरे चालले आहे. येत नसेल तर आपल्यापैकी कोणाशी तरी, घरच्यांशी किंवा एखाद्या प्राध्यापकांशी बोलावे. मी उशिरा बोललो. तुम्ही तेवढा उशीर करू नये.