पुलंचा आवाज थकला तेव्हा

शेळगावहून बारामतीला एसटीनं जाताना कानात हेडफोन घाला आणि पु. ल. देशपांडेंची ‘म्हैस’ ऐका. एसटीला म्हैस आडवी येते आणि गाडीतला एकेक नमुना बोलायला लागतो. ड्रायव्हर, कंडक्टर, पुढारी, म्हशीचा मालक. प्रत्येकाची बोली वेगळी, ठसका वेगळा. आणि हे सगळे एकाच माणसाच्या गळ्यातून निघालेले! तुम्ही एकटेच हसत सुटता, शेजारचे आजोबा बघत राहतात.

त्याच माणसाला उतारवयात पार्किन्सन्सनं गाठलं.

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईचा. लहानपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेलं. पेटी वाजवणं, गाणी बांधणं, नकला करणं हे सगळं तेव्हापासूनचं. पुढे मास्तरकी केली, प्राध्यापकी केली. ‘गुळाचा गणपती’ सिनेमा केला. १९५५ साली ते आकाशवाणीत गेले, नंतर दिल्लीत टीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या काळात काम केलं. १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटेच स्टेजवर उभे राहिले आणि अख्खी चाळ बोलकी केली. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७७ च्या निवडणुकीत हाच हसवणारा माणूस सभांमधून सरकारविरुद्ध बोलत फिरला. निवडणूक जिंकल्यावर पद मात्र मागितलं नाही. थोडक्यात, आवाज हीच त्यांची कमाई होती.

पार्किन्सन्समध्ये नेमकं काय होतं? मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाली मंदावतात, आखडतात. हात थरथरतो तो सगळ्यांना दिसतो. पण बोलणं हीसुद्धा हालचालच की! छाती, गळा, जीभ, ओठ, सगळ्यांनी एकत्र काम केलं तर शब्द नीट उमटतो. या आजारात अनेकांचा आवाज बारीक होतो, एकसुरी होतो, शब्द एकमेकांत मिसळतात. चेहराही हलत नाही, त्यामुळे माणूस रागावलाय की खूश आहे तेच कळत नाही. गंमत म्हणजे बोलणाऱ्याला आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटतं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं १८१७ साली या आजारावर लिहिलं, त्यातही बोलणं अस्पष्ट होण्याची नोंद आहे.

आता १९९६ कडे येऊ. ‘महाराष्ट्र भूषण’ हा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला, तो पुलंना. तोवर आजारानं त्यांचं चालणं-बोलणं अवघड करून टाकलं होतं. एरवी माइक हातात आला की सभागृह डोक्यावर घेणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांचं भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखवलं. पुरस्कार सरकारचा होता, तरी भाषणात दमदाटीच्या राजकारणावर थेट टीका होती. ती झोंबली. बाळासाहेब ठाकरे भडकले, पेपरांतून वाद पेटला. म्हणजे बघा, आवाज दुसऱ्याचा होता, पण शब्द आणि हिंमत पुलंचीच होती. आजार गळ्यापर्यंत पोचला होता, विचारांपर्यंत नाही.

१२ जून २००० रोजी पुण्यात पुल गेले. १९४६ साली त्याच तारखेला त्यांचं आणि सुनीताबाईंचं लग्न झालं होतं.

आपल्या वाड्यावस्त्यांवरही असे आजोबा असतात. पारावर पूर्वी गप्पा रंगवायचे, आता कोपऱ्यात गप्प बसतात. लोक म्हणतात, म्हातारपण आलं, डोकं चालत नाही. दरवेळी तसंच असतं असं नाही. गोळ्यांनी हातपाय सुधारले तरी बोलणं तेवढं सुधारेलच असं नसतं. त्यासाठी स्पीच थेरपिस्ट मुद्दाम मोठ्यानं, पल्लेदार बोलण्याचा सराव करून घेतात आणि त्याचा उपयोग होतो. घरच्यांनी काय करायचं? टीव्ही बंद करायचा, समोर बसायचं आणि त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्यायचं.

आज घरी गेल्यावर एक हेडफोन आजोबांच्या कानात घाला, ‘म्हैस’ लावा. ऐकून झाल्यावर त्यांना त्यांच्या एसटीची गोष्ट विचारा. वेळ लागेल, लागू द्या.