कीबोर्डवरचं ‘एस्केप’ आलं कुठून? वाय-टू-केचा इशारा जवळपास तीस वर्षं आधी देणाऱ्या बॉब बेमरची गोष्ट

कॉम्प्युटरवर कोडिंग करणाऱ्या पोरांच्या स्क्रीनवर एक काळी खिडकी कायम उघडी असते. तिला म्हणतात टर्मिनल. तिथं चित्रं नाहीत, बटणं नाहीत, फक्त अक्षरं.

समजा त्या खिडकीत तुम्ही दहा-बारा कमांड दिल्या आणि त्यांची उत्तरं समोर आहेत. आता एक फाईल दुरुस्त करायची म्हणून तुम्ही ‘विम’ नावाचा एडिटर उघडला. मागचं सगळं गायब, स्क्रीनभर फक्त फाईल. काम उरकून विम बंद केला आणि बघता तर काय, मघाचा सगळा मजकूर जसाच्या तसा परत हजर.

मधल्या वेळेत तो मजकूर होता कुठं? आणि त्याला परत आणला कुणी?

याचं उत्तर एका न दिसणाऱ्या अक्षरात आहे. त्या अक्षराचं नाव ‘एस्केप’. आणि ते कॉम्प्युटरच्या बाराखडीत आणून बसवण्यामागचा मुख्य माणूस म्हणजे बॉब बेमर.

रॉबर्ट विल्यम बेमर यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९२० चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. १९४० साली अल्बियन कॉलेजमधून त्यांनी गणिताची पदवी घेतली. मग विमानाचं इंजिनिअरिंग शिकले आणि डग्लस एअरक्राफ्ट या विमान कंपनीत नोकरीला लागले. विमान बनवायचं म्हणजे आकडेमोड आलीच. या आकडेमोडीतूनच ते कॉम्प्युटरकडे वळले आणि पन्नासच्या दशकात आयबीएममध्ये पोहोचले.

तिथं त्यांच्यासमोर आला एक विचित्र घोळ.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला कळतो आकडा. त्यामुळं ‘ए’ म्हणजे कितवा आकडा, ‘बी’ म्हणजे कितवा, हे आधी ठरवावं लागतं. गंमत अशी, की प्रत्येक कंपनीनं हे आपापलं ठरवलं होतं. बेमर यांनी १९६० साली याची पाहणी केली, तेव्हा साठपेक्षा जास्त वेगवेगळ्या पद्धती सापडल्या. एका मशीनवरचा मजकूर दुसऱ्या मशीनला दिला की त्याचा कचरा व्हायचा. मराठी डीटीपीवाल्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. युनिकोड येण्याआधी एका फॉन्टमधली फाईल दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की काय दिसायचं, ते आठवा.

बेमर यांनी सगळ्यांची मिळून एकच बाराखडी असावी म्हणून जोर लावला. समित्या बसल्या, कंपन्यांची भांडणं झाली आणि १९६३ साली ‘आस्की’ हे मानक प्रसिद्ध झालं. काम अनेकांचं होतं, पण बेमर यांनी त्यासाठी इतकी खटपट केली की पुढं त्यांना ‘आस्कीचे जनक’ म्हटलं जाऊ लागलं. आज कोडिंगमध्ये पदोपदी लागणारी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, ती आस्कीत आणणारेही तेच.

पण आस्कीत जागा होत्या फक्त १२८. जगातल्या सगळ्या लिप्या आणि सगळी चिन्हं त्यात बसवायची कशी?

बेमर यांनी जागा वाढवण्याऐवजी एक दार ठेवलं. हे दार म्हणजे एस्केप. याचा अर्थ असा, की हे अक्षर आलं की पुढची अक्षरं नेहमीच्या अर्थानं घ्यायची नाहीत, ती सूचना समजायची. नाटकाच्या संहितेत कंसात ‘उजवीकडून जातो’ असं लिहिलेलं असतं. नट ते वाक्य म्हणत नाही, उजवीकडून निघून जातो. एस्केप म्हणजे तो सुरुवातीचा कंस. ही कल्पना बेमर यांनी १९६० साली मांडली आणि आस्कीत एस्केपला २७ वा क्रमांक मिळाला.

बेमर यांच्या डोक्यात तेव्हा होतं ते एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाणं. आपल्याकडं भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे मानक आलं, त्यातही याच जातीची युक्ती होती. एक खास कोड दिला की पुढचा मजकूर देवनागरीत दाखवायचा की तमिळमध्ये, ते ठरायचं.

पण दार एकदा उघडं ठेवलं की त्यातून कोण कोण येईल हे सांगता येत नाही.

कागदावर छापणारी टर्मिनल्स जाऊन काचेच्या स्क्रीनची आली, तेव्हा नव्या सूचनांची गरज पडली. कर्सर हलव, ओळ पूस, अक्षर ठळक कर. हे सगळं एस्केपच्या मागं जोडून पाठवता यायला लागलं. १९७८ साली डेक कंपनीचं ‘व्हीटी-१००’ टर्मिनल आलं. त्याच्या स्क्रीनवर २४ ओळी आणि ८० रकाने होते. ते इतकं चाललं की आजचे टर्मिनल प्रोग्रॅमही त्याचीच भाषा बोलतात.

आता त्या गायब होणाऱ्या मजकुराकडं येऊ.

१९८४ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत ‘एक्सटर्म’ हा प्रोग्रॅम तयार झाला. या एक्सटर्मच्या सूचनांमध्ये दोन पाट्यांची सोय आहे. एका पाटीवर तुमचं रोजचं काम, दुसरी कोरी. विम सुरू होताना टर्मिनलला एक सूचना जाते : एस्केप, चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, १०४९ आणि इंग्रजी एच. टर्मिनल कर्सरची जागा लक्षात ठेवतं, पहिली पाटी बाजूला सारतं आणि कोरी पाटी पुढं करतं. विम बंद होताना तीच सूचना शेवटी एचऐवजी एल लावून जाते. पहिली पाटी परत येते, कर्सर जागेवर बसतो.

म्हणजे तुमचा मजकूर विम सांभाळत नाही. तो टर्मिनलकडंच असतो.

म्हणूनच प्रोग्रॅम मध्येच मारला गेला तर पंचाईत होते. निरोपाची सूचना पाठवायची राहून जाते आणि टर्मिनल दुसऱ्याच पाटीवर अडकून पडतं. अशा वेळी ‘रिसेट’ कमांड देऊन सुटका करून घ्यावी लागते.

ही दोन पाट्यांची युक्ती बेमर यांची नाही. त्यांनी फक्त दार ठेवलं होतं. पण ते नसतं, तर ‘ही अक्षरं छापू नकोस, पाटी बदल’ हे टर्मिनलला सांगण्यासाठी दुसरी काहीतरी वाट शोधावी लागली असती.

त्यांचं एक सांगणं मात्र फारसं कुणी ऐकलं नाही.

मेमरी महाग होती, म्हणून प्रोग्रॅमर साल लिहिताना १९ गाळून फक्त शेवटचे दोन आकडे ठेवायचे. सन २००० उजाडलं की मशीनला ते १९०० वाटणार, हा धोका बेमर यांनी १९७१ साली लेख लिहून सांगितला आणि १९७९ साली पुन्हा सांगितला. पण २००० साल लांब होतं. ज्या कोबोल भाषेत हे प्रोग्रॅम मोठ्या प्रमाणावर लिहिले गेले, तिच्या घडणीत बेमर यांच्या ‘कॉमट्रान’ या भाषेचाही वाटा होता, हे आणखी एक.

नव्वदच्या दशकात धावपळ सुरू झाली तेव्हा बेमर सत्तरी ओलांडलेले होते. तरी ते जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायची पद्धत शोधायला पुन्हा कामाला लागले. याच वाय-टू-केच्या कामानं भारतातल्या आयटी कंपन्यांना अमेरिकेची दारं उघडून दिली.

२००२ साली आयईईई कॉम्प्युटर सोसायटीनं त्यांना ‘कॉम्प्युटर पायोनियर’ पुरस्कार दिला. २२ जून २००४ रोजी टेक्सासमधल्या राहत्या घरी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कॅन्सरनं त्यांचं निधन झालं.

आज आपण मोबाईलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात लाखाच्या वर अक्षरं आहेत, पण सुरुवातीच्या १२८ जागा आस्कीच्याच, जशाच्या तशा. आणि त्यात २७ व्या क्रमांकावर अजूनही एस्केपच बसलेलं आहे.