रेचल कार्सन : जनक्षोभाला पुराव्याची जोड

१९६२ च्या उन्हाळ्यात दोन बातम्यांनी अमेरिकी कुटुंबांची झोप उडवली होती. पहिली थॅलिडोमाइडची. गरोदरपणातील मळमळीवर युरोपात सर्रास दिल्या गेलेल्या या औषधामुळे हजारो बाळे हातापायांची व्यंगे घेऊन जन्माला आली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी विक्रीची परवानगी रोखून धरल्याने तिथले मोठे संकट टळले. दुसरी बातमी शेतात, बागेत आणि घराघरात फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांची होती. १६ जूनपासून ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात तीन भागांत एक लेखमाला आली आणि डीडीटी हे नाव घरोघरी वादाचा विषय झाले. लेखिका होत्या रेचल कार्सन. पंचावन्न वर्षांच्या, अबोल स्वभावाच्या, समुद्रावरील पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या. त्या कर्करोगाशी झुंजत आहेत हे मात्र अगदी मोजक्या लोकांना ठाऊक होते.

रेचल यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. आई मारिया यांनी लेकीला झाडे, पक्षी आणि पुस्तके यांची गोडी लावली. मुलांच्या एका मासिकात रेचल यांची गोष्ट छापून आली तेव्हा त्या जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. कॉलेजात गेल्या त्या लेखिका व्हायचे ठरवूनच. पण जीवशास्त्राच्या वर्गाने मन वळवले आणि त्यांनी विषय बदलला. पदवीनंतर १९२९ चा उन्हाळा त्यांनी वूड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत काढला आणि १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची एमए पदवी घेतली. पुढे पीएचडी करण्याचा विचार होता, पण महामंदीच्या त्या काळात घर चालवणे भाग होते. १९३५ मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी बहीण गेली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारी रेचल आणि त्यांच्या आईवर आली.

सरकारच्या मत्स्य विभागात त्यांना आधी रेडिओसाठी माशांवरील छोट्या संहिता लिहिण्याचे काम मिळाले आणि १९३६ मध्ये कायमची नोकरी. शास्त्रज्ञांचे अहवाल वाचायचे, ते सामान्य माणसाला कळतील अशा भाषेत उतरवायचे, हे काम त्यांनी पंधरा वर्षांहून अधिक काळ केले. सरकारी कागद कसे तयार होतात आणि त्यांत काय गाळले जाते, याचीही जाण त्यांना याच नोकरीत आली. १९५१ मध्ये आलेले त्यांचे ‘द सी अराउंड अस’ हे पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत ८६ आठवडे टिकले. त्या उत्पन्नावर त्यांनी १९५२ मध्ये नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन सुरू केले.

चमत्काराची पावडर

डीडीटीचे रसायन पहिल्यांदा तयार झाले १८७४ मध्ये. ते कीटक मारते हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये दाखवले. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील नेपल्स शहरात टायफसची साथ उवांवर डीडीटी मारून आटोक्यात आणली गेली. मलेरियाच्या डासांवरही ते प्रभावी ठरले. १९४८ मध्ये म्युलर यांना नोबेल मिळाले. युद्ध संपताच हीच पावडर शेतात आणि शहरांत आली. विमानांतून फवारणी होऊ लागली, रस्त्यावरून धूर सोडत जाणाऱ्या गाडीमागे मुले धावू लागली.

मेरीलँडमधील सरकारी संशोधन केंद्रात डीडीटीचा पक्ष्यांवर आणि माशांवर काय परिणाम होतो, याची तपासणी १९४५ मध्येच सुरू होती. त्यावर लेख लिहिण्याची तयारी कार्सन यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’ला कळवली होती. मासिकाला विषय रुचला नाही.

पुढील बारा वर्षांत चित्र बदलले. १९५७ मध्ये कृषी खात्याने दक्षिणेकडील राज्यांत एका जातीच्या मुंग्यांविरुद्ध डिलड्रिन आणि हेप्टाक्लोर यांची फवारणी हाती घेतली. त्याच वर्षी झाडांची पाने खाणाऱ्या पतंगांसाठी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर विमानांतून डीडीटी फवारले गेले. शेते, बागा, तळी, गाईंची कुरणे, काहीही सुटले नाही. तिथले रहिवासी कोर्टात गेले. ते खटला हरले, पण साक्षीपुराव्यांचा मोठा दस्तावेज तयार झाला. १९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील ओल्गा ह्युकिन्स या ओळखीच्या बाईंनी कार्सन यांना पत्र पाठवले. डासांसाठी झालेल्या फवारणीनंतर त्यांच्या अंगणात पक्षी मरून पडले होते. कार्सन यांनी आधी दुसऱ्या कुणी लिहावे म्हणून प्रयत्न केला. शेवटी स्वतःच बसल्या.

पुस्तकाचे सूत्र साधे होते. डीडीटी पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत मात्र साठते, आणि लवकर विघटित होत नाही. त्यामुळे अन्नसाखळीत वर जाईल तसे त्याचे प्रमाण वाढत जाते. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक तलावात चिलटांसाठी डीडीटीचेच भावंड असलेले डीडीडी टाकले गेले. पाण्यात त्याचे प्रमाण पाच कोटी भागांना एक भाग इतके नगण्य होते. पण ते आधी प्लवकांत, मग माशांत आणि शेवटी मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांत साठत गेले. मेलेल्या ग्रीबच्या चरबीत ते दर दहा लाख भागांत १,६०० भाग आढळले. म्हणजे पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे ऐंशी हजार पट. मिशिगनमध्ये एल्म वृक्षांवर फवारलेले डीडीटी गळलेल्या पानांतून गांडुळांत आणि गांडुळांतून रॉबिन पक्ष्यांत गेले. पुढच्या वसंतात रॉबिन तडफडून मेले.

ही रसायने पूर्ण बंद करा, असे कार्सन यांनी म्हटले नव्हते. परिणाम नीट न तपासता, लोकांना न सांगता, सरसकट होणाऱ्या वापराला त्यांचा विरोध होता. अतिवापराने कीटकच प्रतिकारक्षम होतील आणि रोगनियंत्रणाचे हत्यार बोथट होईल, हाही इशारा त्यात होता.

क्रॅनबेरीचा धडा

लेखन सुरू असतानाच लोकांच्या भीतीचे राजकारण कसे होते, हे कार्सन यांना जवळून दिसले. नोव्हेंबर १९५९ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोन-अडीच आठवडे उरले असताना आरोग्यमंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी एक घोषणा केली. क्रॅनबेरीच्या काही मालात ॲमिनोट्रायझोल या तणनाशकाचे अंश सापडले होते आणि त्या रसायनाने उंदरांना थायरॉइडचा कर्करोग होतो असे दिसले होते. विक्री कोसळली. उत्पादक संतापले. निवडणुकीच्या तयारीत असलेल्या रिचर्ड निक्सन आणि जॉन केनेडी या दोघांनीही जाहीरपणे क्रॅनबेरीचा आस्वाद घेऊन उत्पादकांची समजूत काढली. सरकारने नंतर बागायतदारांना भरपाईही दिली. सुनावणीला कार्सन हजर होत्या. उद्योगाच्या बाजूने बोलणाऱ्या तज्ज्ञांची मते प्रकाशित संशोधनाशी जुळत नाहीत, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या. भीतीची लाट आठवडाभरात ओसरते. त्यामागे भक्कम पुरावा नसेल तर हाती काही उरत नाही, हेही या प्रकरणाने दाखवले. त्यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी संदर्भांची पन्नासहून अधिक पाने जोडली आणि प्रकरणे छापण्यापूर्वी त्या-त्या विषयाच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतली.

एप्रिल १९६० मध्ये त्यांच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. कर्करोग आहे हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलेच नाही. रुग्णाला, त्यातही स्त्रीला, असे निदान न सांगण्याची तेव्हा पद्धत होती. वर्षअखेरीस दुसऱ्या डॉक्टरांकडून खरे कळले तेव्हा आजार पसरला होता. किरणोपचार, सांधेदुखी, डोळ्यांचा त्रास यांतून वाट काढत त्यांनी हस्तलिखित पूर्ण केले. घरात भाचीचा पोरका झालेला मुलगा रॉजर होता; १९५७ मध्ये त्याची आई वारल्यावर कार्सन यांनी त्याला दत्तक घेतले होते. आजार त्यांनी लपवून ठेवला. रसायनांचा आणि कर्करोगाचा संबंध मांडणारी लेखिकाच कर्करोगाची रुग्ण आहे हे कळले असते, तर तिचे लेखन आकसातून आले आहे असे म्हणायला विरोधकांना निमित्त मिळाले असते.

कंपन्यांचे उत्तर

‘सायलेंट स्प्रिंग’ पुस्तकरूपाने आले २७ सप्टेंबर १९६२ रोजी. त्याआधीच ऑगस्टमध्ये वेल्सिकॉल या क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर बनवणाऱ्या कंपनीने प्रकाशकाला कायदेशीर कारवाईचा इशारा देणारे पत्र पाठवले. अशा टीकेमागे अमेरिकेचे अन्नोत्पादन घटवू पाहणाऱ्या कम्युनिस्ट शक्ती असू शकतात, असेही त्यात सुचवले होते. प्रकाशकाने मजकूर एका स्वतंत्र विषतज्ज्ञाकडून तपासून घेतला आणि पुस्तक छापले.

मोन्सान्टोने कीटकनाशकांविना उजाड झालेल्या अमेरिकेचे चित्र रंगवणारे विडंबन काढून त्याच्या प्रती वाटल्या. अमेरिकन सायनामिड कंपनीचे रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स गावोगावी भाषणे देऊ लागले. उद्योगाच्या संघटनेने प्रचारासाठी वेगळा निधी काढला. मुद्दे ठरलेले होते: बाई भावनिक आहेत, पीएचडी नाहीत, अविवाहित आहेत, आणि त्यांचे ऐकले तर जग उपासमारीत आणि मलेरियात बुडेल. पुस्तकातील मूळ पुराव्याला भिडणारे त्यात फार थोडे होते. या प्रचाराचा परिणाम उलटा झाला. पुस्तकाचा खप वाढतच गेला.

सरकारमध्ये एकवाक्यता नव्हती. कृषी खाते एकीकडे कीटकनाशकांना मंजुरी देत होते आणि दुसरीकडे त्यांच्या वापराचा प्रसारही करत होते, त्यामुळे ते बचावाच्या पवित्र्यात होते. २९ ऑगस्ट रोजी पत्रकार परिषदेत अध्यक्ष केनेडी यांना या विषयी विचारले गेले. कार्सन यांच्या लेखनाचा उल्लेख करून, सरकारी यंत्रणा याकडे लक्ष देत असल्याचे त्यांनी मान्य केले आणि विज्ञान सल्लागार समितीकडे काम सोपवले गेले. ३ एप्रिल १९६३ रोजी सीबीएस वाहिनीने यावर तासाभराचा कार्यक्रम दाखवला. पाचपैकी तीन जाहिरातदारांनी आधीच अंग काढून घेतले होते. पडद्यावर एकीकडे पांढऱ्या कोटातील आवेशी व्हाइट-स्टीव्हन्स आणि दुसरीकडे शांतपणे, शब्द मोजून बोलणाऱ्या कार्सन, असा फरक लाखो प्रेक्षकांनी पाहिला. १५ मे रोजी समितीचा अहवाल आला. कार्सन यांचे मुख्य मुद्दे त्याने उचलून धरले आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी कीटकनाशकांचा वापर टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट सुचवले. ४ जून रोजी सिनेटर रिबिकॉफ यांच्या उपसमितीपुढे कार्सन यांनी साक्ष दिली. केस गळल्याने त्यांनी विग घातला होता आणि आजार हाडांत उतरला होता. स्वतःच्या घरात दुसऱ्याने फवारलेल्या विषापासून सुरक्षित राहणे हा नागरिकाचा हक्क आहे, हा त्यांच्या साक्षीचा गाभा होता.

१४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर

पुढच्याच महिन्यात अमेरिकेत एक कायदादुरुस्ती झाली. तोवर सरकारने नोंदणी नाकारली तरी कंपनी निषेध नोंदवून ते कीटकनाशक विकत राहू शकत असे. ही पळवाट बंद झाली. १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि कीटकनाशकांच्या नोंदणीचे काम कृषी खात्याकडून काढून तिच्याकडे देण्यात आले. मंजुरी देणारा आणि प्रसार करणारा एकच नसावा, हा बदल डीडीटीच्या बंदीइतकाच महत्त्वाचा होता. १९७२ मध्ये डीडीटीचा शेतीतील वापर अमेरिकेत थांबला; मात्र निर्यात चालू राहिली. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होतात, हे कार्सन यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये स्पष्ट झाले. नामशेष होऊ घातलेला बाल्ड ईगल पुढे सावरला आणि २००७ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. मानवी कर्करोगाबाबत पुरावा इतका ठाम नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये डीडीटीला संभाव्य कर्करोगकारक गटात ठेवले.

डीडीटीवर बंदी आणून कार्सन यांनी मलेरियाचे बळी वाढवले, हा आरोप आजही केला जातो. भारताचा अनुभव वेगळे सांगतो. इथे घराच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी त्यानंतरही अनेक वर्षे सुरूच राहिली. १९५३ पासूनच्या मोहिमेमुळे मलेरियाचे रुग्ण १९६१ पर्यंत पन्नास हजारांच्या आसपास आले, पण १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. प्रतिकारक्षम झालेले डास हे त्याचे एक कारण होते. मोहिमेतील ढिलाई दुसरे. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबला. २००४ मध्ये अमलात आलेल्या स्टॉकहोम करारानेही रोगवाहक कीटकांसाठी त्याला मुभा ठेवली आहे.

कार्सन पुस्तकाच्या कामाला लागल्या त्याच वर्षी, १९५८ मध्ये, केरळात पॅराथिऑन सांडलेले धान्य खाल्ल्याने शंभराहून अधिक लोक दगावले होते. त्या गदारोळातून नेमल्या गेलेल्या समित्यांचे फलित म्हणजे १९६८ चा कीटकनाशक कायदा. तो यायला दहा वर्षे लागली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, तेव्हाही याच कायद्यावर बोट ठेवले गेले. संतापानंतर चौकशी झाली, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे आणि तोंडावर मुखपट्टी आहे का, मिश्रणाची माहिती त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळते का, याची तपासणी मात्र दर हंगामात व्हावी लागते.