जॉन गार्डनर : गोष्ट रचण्यास शिकविणारे कादंबरीकार

कवि हा जन्मावा लागतो, तो घडवितां येत नाहीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. सुतारकाम शिकवितां येतें, गणित शिकवितां येतें, गायनहि शिकवितां येतें. परंतु गोष्ट रचण्याची कला कोणी कोणास शिकवूं शकतो काय, असा प्रश्न केल्यास बहुतेक जण नकारार्थी मान हलवितील. अमेरिकेंत मात्र या विषयाचे वर्ग कित्येक विद्यापीठांतून चालतात, आणि आयोवा विद्यापीठांत तर इ. स. १९३६ सालींच त्यासाठीं स्वतंत्र लेखनशाळा निघाली. असे वर्ग चालविणाऱ्या कादंबरीकारांत ज्यांचें नांव विशेष आदरानें घेतलें जातें, त्या जॉन गार्डनर यांची हकीकत आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांस अवघें एकोणपन्नास वर्षांचें आयुष्य लाभलें, व तें सर्वस्वीं निर्दोष होतें असेंहि नाहीं. तथापि शिक्षक या नात्यानें त्यांनीं जें केलें, तें शाळेंत जाणाऱ्या मुलांनीं व त्यांना शाळेंत धाडणाऱ्या आईबापांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

गार्डनर यांचा जन्म ता. २१ जुलै १९३३ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील बटेव्हिया या गांवीं झाला. न्यूयॉर्क म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गगनचुंबी इमारतींचें शहर उभें राहतें. पण हा मुलूख त्या शहरापासून बराच दूर, शेतांचा व गाईगुरांचा आहे. वडील दूधदुभत्याचा धंदा करणारे शेतकरी होते. शिवाय ते देवळांत हौसेनें उपदेशहि करीत व त्यांची वाणी मोठी भारदस्त होती. आई शाळेंत इंग्रजी वाङ्मय शिकवीत असे. या उभयतांना शेक्सपियरचा विलक्षण नाद होता. दिवसभर शेतांत राबणाऱ्या त्या घरांत नाटकांतील उतारे पाठ म्हटले जात, आणि तीं पात्रें घरच्या माणसांइतकीं मुलांच्या परिचयाचीं झालीं होतीं.

ता. ४ एप्रिल १९४५ चा दिवस या घरावर घाला घालणारा ठरला. जॉन तेव्हां अकरा वर्षांचा होता. शेतकऱ्याच्या मुलांना लहानपणींच यंत्रें हाताळावीं लागतात. त्याप्रमाणें तो ट्रॅक्टर चालवीत होता. ट्रॅक्टरच्या मागें ढेकळें फोडण्याचा जड लोखंडी रूळ जोडलेला होता. त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट बरोबर होता. तो खालीं पडला व त्या रुळाखालीं सांपडून जागच्या जागीं मरण पावला. यांत जॉनचा अपराध कोणता? कायद्यानें पाहिलें तर कांहींच नाहीं. आणि घरांतील कोणी त्याला खुनी म्हटल्याचेंहि आमच्या वाचनांत नाहीं. परंतु मन हें कायद्याचें पुस्तक पाहून न्याय करीत नसतें. यंत्र आपल्या हातीं होतें, ही एकच गोष्ट त्या मुलाच्या अंतःकरणांत सुरीसारखी रुतून बसली. पुढें तो मोठा झाला, विद्वान् झाला, प्रसिद्धीस पावला. पण दिवसांतून चार चार, पांच पांच वेळां तो देखावा एकाएकीं त्याच्या डोळ्यांपुढें येई. मोटार हांकीत असतांना तर क्षणभर पुढचा रस्ताहि दिसेनासा होई. हें दुःख त्यानें तीस वर्षांहून अधिक काळ वाहिलें.

या अपघातानंतर संगीताचा त्याला मोठा आधार झाला. फ्रेंच हॉर्न नांवाचें वळसेदार पितळी वाद्य तो वाजवीत असे, व दर शनिवारीं रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीतविद्यालयांत धडे घेण्यास जात असे. पुढील शिक्षणाची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. प्रथम इंडियानांतील डेपॉ विद्यापीठ, नंतर इ. स. १९५३ मध्यें विवाह, सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाची पदवी इ. स. १९५५ त, आणि अखेर आयोवा विद्यापीठांतून इ. स. १९५८ त डॉक्टरची पदवी. आयोवा येथें त्यांनीं जुन्या इंग्रजी काव्यांचा कसून अभ्यास केला, आणि प्रबंध म्हणून जें लिहून दिलें ती एक कादंबरी होती! आपल्याकडील परीक्षकांस हें ऐकून नवल वाटेल.

इ. स. १९५९ मध्यें गार्डनर कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागांतील चिको येथील कॉलेजांत अध्यापक झाले. वय सव्वीस, छापून प्रसिद्ध झालेली कादंबरी एकहि नाहीं, मात्र खोलींत हस्तलिखितांनीं भरलेलीं खोकीं पुष्कळ. पोशाख एखाद्या धर्मोपदेशकासारखा काळा व साधा. वर्गांतहि सिगारेट हातांतून सुटत नसे, ही त्यांची संवय अर्थात् अनुकरणीय नव्हे. अशा या अप्रसिद्ध शिक्षकाच्या वर्गांत रेमंड कार्व्हर नांवाचा एक तरुण येऊन बसला. त्याचा बाप लांकूड कापण्याच्या गिरणींतील मजूर होता. स्वतः कार्व्हर एकवीस वर्षांचा, परंतु बायको व दोन मुलें यांचा भार शिरावर. पैशाची सदा चणचण. आणि लिहिण्याची इच्छा दांडगी असली तरी टेबल मांडून निवांत बसावें अशी चार हात जागा घरांत नाहीं. गार्डनर यांच्या हें कानीं आलें तेव्हां त्यांनीं उपदेशाचीं चार वाक्यें सांगितलीं नाहींत. त्यांनीं कॉलेजांतील आपल्या स्वतःच्या खोलीची किल्ली त्याच्या हातीं दिली. शनिवार-रविवारीं ती खोली रिकामी असे; तेथें बसून कार्व्हर यानें खऱ्या अर्थानें लिहावयास आरंभ केला.

त्या खोलींत एक गंमतहि घडली. गुरुजींचीं हस्तलिखितें तेथेंच असत. कार्व्हर तीं चाळी, आणि त्यांतील कथांचीं नांवें त्याला इतकीं आवडत कीं थोडासा फेरफार करून तो तीं आपल्याच कथांना देऊं लागला. पुढें त्या कथा तपासण्यासाठीं आल्या त्या गार्डनर यांच्याकडेच! तेव्हां, परक्याच्या वस्तूस हात लावूं नये, एवढा लहानसा पाठ त्यांना आपल्या शिष्यास द्यावा लागला. किल्ली मात्र त्यांनीं परत घेतली नाहीं.

त्यांची तपासण्याची रीत आमच्या निबंधाच्या वह्या तपासणाऱ्या गुरुजनांनीं व त्या वह्यांतील लाल शाई पाहून हिरमुसणाऱ्या विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावी अशी आहे. ते विद्यार्थ्याची गोष्ट शब्दाशब्दानें, स्वल्पविरामासकट वाचीत. जें त्यांना मुळींच चालत नसे त्यावर सरळ रेघ ओढीत. ज्याविषयीं वाद होऊं शकेल तेवढ्याभोंवतीं कंस काढीत, व मग शिष्याला समोर बसवून त्या कंसांतील शब्दांची चर्चा करीत. जेथें चांगलें साधलें असेल तेथें समासांत शाबासकीचा शब्द लिहावयास ते विसरत नसत. एकच गोष्ट पुन्हां लिहावयाची, पुन्हां दाखवावयाची, पुन्हां लिहावयाची, असें दहा दहा वेळां चाले. भारी शब्द वापरण्याचें कारण काय, जें म्हणावयाचें तेंच म्हटलें आहे काय, लिहिणाराला ही गोष्ट खरोखर वाटते आहे काय, असे त्यांचे प्रश्न असत. शब्दांचा ढिसाळपणा हा केवळ भाषेचा दोष नसून प्रामाणिकपणाची उणीव आहे, असें ते मानीत. स्वतः प्रसिद्ध न झालेल्या माणसानें दुसऱ्याच्या कच्च्या लिखाणावर इतके तास खर्च करावे, यांतच त्यांची थोरवी आम्हांस दिसते. पुढें कार्व्हर (१९३८–१९८८) हे अमेरिकेंतील नामांकित कथालेखकांत गणले गेले, आणि त्या किल्लीचें व त्या कंसांचें ऋण त्यांनीं जाहीरपणें मानलें.

चिको येथें असतांनाच गार्डनर यांनीं नवोदित लेखकांसाठीं एक मासिकपुस्तक काढलें. जॉइस कॅरल ओट्स व विल्यम गॅस हे पुढें ख्यातनाम झालेले लेखक त्यांत आरंभींच्या काळांत झळकले. नंतर तीन वर्षें सॅन फ्रान्सिस्को येथें काढून इ. स. १९६५ पासून ते कार्बनडेल येथील दक्षिण इलिनॉय विद्यापीठांत स्थिर झाले. पहिली कादंबरी इ. स. १९६६ मध्यें छापली गेली, पण तिची कोणी फारशी दखल घेतली नाहीं. इ. स. १९७१ मध्यें ‘ग्रेंडेल’ बाहेर आली आणि पारडें फिरलें.

ही कादंबरी ज्या जुन्या काव्यावर उभारली आहे तें ‘बेओवुल्फ’ हजार वर्षांपूर्वींचें. ग्रेंडेल नांवाचा राक्षस बारा वर्षें एका राजाच्या महालावर रात्रीं हल्ले करून त्याचे योद्धे मारून खातो. अखेर बेओवुल्फ हा वीर त्याला ठार करतो. गार्डनर यांनीं तीच कथा त्या राक्षसाच्या तोंडून सांगितली. आपल्याकडे कोणीं एकचक्रा नगरींतील कथा बकासुराच्या मुखानें सांगावी, त्यासारखेंच हें धाडस. वाचतां वाचतां त्या एकाकी, विक्षिप्त, हिंसक प्राण्याची कींव येते. आणि तरीहि तो जें करतो तें चांगलें, असें लेखक एका शब्दानेंहि सुचवीत नाहीं. आमच्या मतें त्यांच्या सर्व ग्रंथांत हाच सरस होय. यानंतर पेटींत वर्षांनुवर्षें पडून राहिलेलीं हस्तलिखितेंहि प्रकाशकांना हवींशीं झालीं. बटेव्हिया गांवावर रचलेली मोठी कादंबरी ‘सनलाइट डायलॉग्ज’ १९७२ त व ‘निकल माउंटन’ १९७३ त निघाली. ‘ऑक्टोबर लाइट’ या १९७६ च्या कादंबरीस अमेरिकेंतील ग्रंथसमीक्षक मंडळाचें पारितोषिक मिळालें.

कार्बनडेल येथील त्यांच्या शिष्यांत चार्ल्स जॉन्सन हा नीग्रो वंशाचा तरुण होता. त्यानें आधींच सहा कादंबऱ्या लिहिल्या होत्या, त्या एकहि छापली गेली नव्हती. गार्डनर यांच्या देखरेखीखालीं लिहिलेली सातवी इ. स. १९७४ त प्रसिद्ध झाली, व पुढें इ. स. १९९० मध्यें जॉन्सन यांस राष्ट्रीय ग्रंथपारितोषिक मिळालें.

कीर्तीबरोबर कलह आले. इ. स. १९७८ मध्यें गार्डनर यांनीं साहित्य व नीति यांच्या संबंधावर एक ग्रंथ लिहिला. खरी कला जीवनास तारक असते, माणसानें कसें जगावें याचा ती प्रामाणिकपणें शोध घेते, असा त्यांचा सिद्धांत. येथें पालकांचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे. शेवटीं तात्पर्य चिकटविलेली गोष्ट ती नीतिपर गोष्ट, असें त्यांचें म्हणणें मुळींच नव्हतें. आधीं ठरविलेला उपदेश पात्रांच्या तोंडीं घालणें त्यांना अप्रामाणिकच वाटे. परंतु आपला मुद्दा मांडतांना त्यांनीं समकालीन नामवंत कादंबरीकारांवर नांवें घेऊन कोरडे ओढले. साहजिकच सर्व बाजूंनीं त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांचा सिद्धांत आम्हांस मान्य आहे. ती नांवांची जंत्री टळती तर तो अधिकांस पटला असता.

त्यांतच इ. स. १९७७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चॉसर या कवीच्या चरित्राविषयीं बोभाटा झाला. त्यांतील कित्येक मजकूर इतर विद्वानांच्या ग्रंथांतून पुरेसें ऋण न नोंदवितां उचललेला आहे, असें अभ्यासकांनीं दाखवून दिलें. ज्यानें शिष्याला परक्याच्या वस्तूविषयीं पाठ दिला होता, त्याच्याच हातून हें घडावें ही खेदाची गोष्ट आहे, आणि चरित्र सांगतांना ती झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. याच सुमारास त्यांना आंतड्याच्या कर्करोगानें गांठलें. शस्त्रक्रियेनें ते बचावले. पहिला विवाह मोडला. दुसराहि फार दिवस टिकला नाहीं. मद्यपानाचें व्यसन होतेंच. इ. स. १९७८ पासून ते न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन येथील विद्यापीठांत शिकवीत होते, आणि शिकविण्यांत मात्र खंड पडला नाहीं.

याच वादळी काळाच्या तोंडावर, इ. स. १९७७ मध्यें, त्यांनीं बत्तीस वर्षें टाळलेली गोष्ट लिहिली. तिचें नांव ‘रिडेम्प्शन’. तिच्यांतील मुलाच्या हातून ट्रॅक्टर चालवितांना धाकटा भाऊ मरतो, बापाचें चित्त थाऱ्यावर राहत नाहीं, आणि तो मुलगा घरादारापासून दूर होऊन एका वाद्याच्या मागें लागतो. ती लिहून झाल्यावर तो भयंकर देखावा आपणांस पुन्हां कधीं दिसला नाहीं, असें गार्डनर यांनीं पुढें सांगितलें.

ता. १४ सप्टेंबर १९८२ रोजीं पेनसिल्व्हानिया संस्थानांतील सस्क्वेहॅना गांवाजवळ एका वळणावर त्यांची मोटारसायकल घसरली व त्यांत त्यांचा अंत झाला. तिसरा विवाह अवघ्या थोड्या दिवसांवर आला होता. त्यांना बटेव्हिया येथें गिल्बर्टच्या शेजारीं मूठमाती देण्यांत आली.

होतकरू लेखकांसाठीं त्यांनीं लिहिलेलीं दोन पुस्तकें त्यांच्या मागून प्रसिद्ध झालीं. त्यांपैकीं एकाची प्रस्तावना कार्व्हर यांनीं लिहिली. दुसऱ्यांत लेखकानें वाचकाच्या मनांत एक अखंड व स्पष्ट स्वप्न उभें करावें, व एकाहि ढिल्या शब्दानें तें मोडूं देऊं नये, हें सूत्र सविस्तर समजाविलें आहे, आणि शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं पाठ दिले आहेत. त्यांतील एक पाठ पुष्कळ शाळांतून आजहि दिला जातो. ज्याचा मुलगा नुकताच लढाईंत मारला गेला आहे, अशा माणसाच्या डोळ्यांना शेतावरचें कोठार कसें दिसतें, त्याचें वर्णन करावयाचें. मात्र मुलगा, लढाई किंवा मृत्यु यांपैकीं कशाचाहि उल्लेख करावयाचा नाहीं. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं कोठाराऐवजीं आपल्या गांवचा गोठा किंवा खळें घेऊन सुटींत हा पाठ करून पाहावा, व तो एकदांच लिहून थांबूं नये.