अंगणात पोहोचलेली शाळा : ताराबाई मोडक

मूल शाळेत येत नसेल तर दोष कोणाचा? आपल्या समाजाने हा दोष बहुधा मुलाच्या अथवा त्याच्या अडाणी आईबापांच्या माथी मारला. ताराबाई मोडक यांनी तो शाळेच्या पदरात घातला. त्यांच्या कार्याचे मोठेपण याच एका निर्णयात साठवलेले आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते. मुलींनी शिकणे हेच जेथे नवल, त्या काळात ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. लहानग्या कन्येची जबाबदारी शिरावर घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या स्त्री अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा मान त्यांना लाभला होता. तथापि भावनगरला गिजुभाई बधेका यांनी चालविलेल्या बालमंदिराचे कार्य त्यांच्या मनाला असे भिडले, की प्रतिष्ठेचे पद सोडून त्या तेथे दाखल झाल्या. छडी नाही, धाक नाही, मूल स्वतःच्या हातांनी करीत शिकते, हे माँटेसरी पद्धतीचे मर्म त्यांनी तेथे आत्मसात केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईस येऊन त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले.

येथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण माँटेसरीची साधने महागडी होती आणि ती शहरातल्या सुस्थित घरांपर्यंतच पोहोचत होती. ज्यांच्या घरी चूलच कशीबशी पेटते, त्यांच्या बाळांचे काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांच्या आयुष्यभराच्या सहकारी झाल्या. परदेशी साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली.

बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीत नेली. तेथील अंगण झाडून स्वच्छ करावे, मुलांना न्हाऊमाखू घालावे, मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारातून पाहत आणि हळूहळू जवळ येत. यातूनच अंगणवाडीची कल्पना साकार झाली.

१९५७च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. तेथे मुलांच्या वाटेत वेगळीच अडचण होती. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे आणि मुलगा गुरांमागे जाई. म्हणून तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि पुढे प्राथमिक शाळा अशी विकासवाडीची रचना झाली. धाकटे पाळण्यात निजले की थोरली पाटीला मोकळी होई. गुराख्यांसाठी तर शाळा थेट कुरणात गेली, तीच कुरणशाळा.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे देहावसान झाले. पुढे दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पोषण, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण देणाऱ्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशभर रूढ झालेला हा शब्द एका किनारपट्टीच्या गावातल्या झाडलेल्या अंगणातून निघालेला आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात पहिली पाटी आपल्याच हाती आली. आपल्यासाठी कोणीतरी दार उघडले, म्हणून आपण येथवर आलो. ज्या घरापर्यंत अजून शाळा पोहोचली नाही, त्या घराच्या अंगणात आपण कधी जाणार, हा प्रश्न ताराबाईंचे चरित्र आजही आपल्यापुढे ठेवते.