बार्शी लाईटचा इंजिनिअर आणि तुमच्या ई-स्कूटरचा प्लग

मित्राच्या घरी गेलात आणि फोनची बॅटरी संपत आली, तर आता फारसं टेन्शन येत नाही. सी-टाइपची केबल कुणाकडेही सापडते. ई-स्कूटरचं तसं नाही. रस्त्यात चार्जिंग पॉइंट दिसला, तरी आपला प्लग त्यात बसेलच याची खात्री नसते. वीज तीच असते, अडतं ते जोडणीच्या जागी.

हीच अडचण सोलापूर जिल्ह्याने सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या बाबतीत अनुभवली आहे. तेव्हा प्रश्न प्लगचा नव्हता, दोन रुळांमधल्या अंतराचा, म्हणजे गेजचा होता. त्या गोष्टीतला मुख्य माणूस म्हणजे बार्शी लाईट रेल्वे उभी करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

इंग्लंड ते बार्शी

कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ चा, इंग्लंडमधल्या एका शेतकरी घरातला. तरुणपणी त्यांनी क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली. १८८२ मध्ये ते भारतात आले आणि जीआयपी रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर झाले. आजच्या मध्य रेल्वेची ही पूर्वज कंपनी.

मुंबईहून सोलापूरला जाणारी मुख्य लाइन तेव्हा तयार होती, पण बार्शी तिच्यापासून बाजूला पडली होती. बार्शीची बाजारपेठ मोठी, पण माल स्टेशनापर्यंत न्यायचा तर बैलगाडी. मुख्य लाइनसारखी ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटरची लाइन टाकणं फार खर्चाचं होतं. कॅलथ्रॉप यांना वाटलं, छोटी लाइन टाकली तर हे काम परवडेल. त्यांनी ७६२ मिलिमीटरचं, म्हणजे अडीच फुटांचं गेज निवडलं.

कल्पना सुचली तरी ती उभी राहायला बरीच वर्षं गेली. त्यांनी जीआयपीची नोकरी सोडली, इंग्लंडला परत जाऊन सल्लागार म्हणून काम सुरू केलं आणि पाठपुरावा चालू ठेवला. शेवटी १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. गाड्या भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीची लाइन टाकून त्या लोकांना चालवून दाखवल्या. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही सुमारे २१ मैलांची लाइन सुरू झाली. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी.

आतून सगळं एकसारखं

कॅलथ्रॉप यांचं खरं डोकं दिसतं ते गाड्यांच्या रचनेत. त्यांनी एक नियम ठरवला: इंजिन असो की वॅगन, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. वजन जास्त असेल तर आस वाढवायचे, म्हणजे भार वाटला जातो. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालले आणि त्यांच्यावरून जास्तीत जास्त माल नेता आला. वॅगनसाठी दाबून घडवलेल्या पोलादाचे एकसारखे सांगाडे वापरले. सांगाडा हलका, म्हणून माल जास्त. आजच्या भाषेत सांगायचं तर एकच प्लॅटफॉर्म आणि त्यावर वेगवेगळी मॉडेल्स.

लाइन वाढत गेली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली. १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास गेली.

अडचण सांध्यावर

आता कुर्डुवाडीचा विचार करा. लातूरहून मुंबईकडे निघालेला माल छोट्या गाडीने इथे आला. पण छोटी वॅगन मोठ्या रुळांवर चालत नाही. मग प्रत्येक पोतं उतरवायचं आणि ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये भरायचं. वेळ जाणार, मजुरी लागणार, सांडलवंड होणार. मिरजेला तर तिसरंच माप होतं. तिथे तेव्हा मीटरगेज होती, म्हणजे पुन्हा तीच चढउतार.

कॅलथ्रॉप यांना हे कळत नव्हतं असं नाही. इंग्लंडमध्ये १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी लाइनवर त्यांनी उपाय करून पाहिला. छोट्या गेजच्या खास वॅगनवर मोठ्या गेजची अख्खी वॅगन चढवायची आणि तशीच पुढे न्यायची. माल हलवायची गरजच नाही. हा त्या काळचा ॲडॉप्टर! पण प्रत्येक ॲडॉप्टरचं असतं तेच याचंही होतं. काम भागतं, पण एक जास्तीची वस्तू सांभाळावी लागते आणि दोन मापं तशीच राहतात.

चांगली वस्तू पुरेशी नसते

कॅलथ्रॉप यांच्या आयुष्याचा पुढचा भाग हेच सांगतो. १९१० मध्ये त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉईसमधले रोल्स, विमान अपघातात गेले. कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागले. 'गार्डियन एंजल' नावाचं त्यांचं पॅराशूट पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला वापरलं गेलं. पण ब्रिटिश वैमानिकांना ते युद्ध संपेपर्यंत सरसकट मिळालं नाही. वस्तू तयार होती, ती सगळ्यांसाठी स्वीकारणारं कुणी नव्हतं. १९२७ मध्ये, बार्शी लाईट मिरजेला पोचली त्याच वर्षी, कॅलथ्रॉप यांचं निधन झालं.

कुर्डुवाडीचा सांधा मिटायला त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षं गेली. १९५४ मध्ये लाइन सरकारकडे आली. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज आणण्याचं धोरण घेतलं आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने बार्शी लाईटची ब्रॉडगेज झाली. आज लातूरहून मुंबईला जाणारी गाडी कुर्डुवाडीवरून थेट जाते. कुणालाही उतरावं लागत नाही.

मग ईव्हीचं काय?

ईव्हीत हा प्रवास बराच वेगाने होतोय. अमेरिकेत मे २०२३ मध्ये फोर्डने टेस्लाचा प्लग स्वीकारायचं जाहीर केलं. पाठोपाठ जनरल मोटर्स आणि इतर कंपन्याही आल्या. मधल्या काळासाठी तिथेही ॲडॉप्टर आहेच. भारतात बहुतेक नव्या इलेक्ट्रिक कार फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ वापरतात. दुचाकींमध्ये एथरने आपल्या कनेक्टरचं डिझाइन इतरांसाठी खुलं केलं, हीरोच्या विडाने ते घेतलं आणि २०२३ मध्ये बीआयएसने त्यावर आधारित मानक मंजूर केलं. पण सगळ्या स्कूटर अजून त्या एका प्लगवर आलेल्या नाहीत.

कॅलथ्रॉप यांना दोष देणं सोपं आहे, पण बरोबर नाही. स्वस्त छोटी लाइन नसती, तर बार्शीला आणखी कितीतरी वर्षं बैलगाडीच चालवावी लागली असती. सुरुवात करणारा आपल्याला परवडेल ते माप निवडतो. ते माप वेगळं पडलं, तर त्याची किंमत मात्र पुढे सांध्यावर उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. तेव्हा तो कुर्डुवाडीचा हमाल आणि व्यापारी होता. आज तो चार्जिंग पॉइंटवर प्लग हातात धरून उभा असलेला स्कूटरवाला आहे.

म्हणून शोरूममध्ये रेंज आणि टॉप स्पीड विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न नक्की विचारा: हिचा प्लग कोणता, आणि माझ्या रोजच्या रस्त्यावर तो कुठे कुठे चालतो?