बियाण्यांचा राखणदार

वन्यजीव संवर्धन म्हटले की वाघ, माळढोक, गिधाडे डोळ्यांसमोर येतात. पण माणसाच्या ताटाशी थेट नाते असलेली एक वेगळीच संपदा जगभर वेगाने नाहीशी होत आहे. ती म्हणजे पिकांची जुनी वाणे आणि त्यांचे रानटी भाईबंद. ही संपदा जपायला हवी हे फार लवकर ओळखून त्यासाठी आयुष्य वेचणारा शास्त्रज्ञ म्हणजे रशियाचे निकोलाय वाविलोव.

वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या वडिलांनी शहरात येऊन कापडाच्या व्यापारात जम बसवला होता. निकोलाय चार वर्षांचे असताना रशियात मोठा दुष्काळ पडला. पीक बुडणे आणि माणसे उपाशी मरणे ही त्या देशाला नवी गोष्ट नव्हती. मॉस्कोच्या कृषी संस्थेत शिकताना त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो पिके फस्त करणाऱ्या गोगलगायींचा. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांच्याकडे त्यांनी आनुवंशिकतेचे धडे घेतले. एकाच रोगाला गव्हाचे एक वाण बळी पडते आणि दुसरे तग धरते, असे का? हा प्रश्न त्यांना तिथपासून चिकटला.

१९१६ मध्ये इराणमधील रशियन सैनिक स्थानिक पाव खाऊन आजारी पडू लागले. कारण शोधायला वाविलोव यांना पाठवले गेले. गव्हात मिसळलेले एका तणाचे बुरशी लागलेले बी हे त्याचे कारण निघाले. काम झाल्यावर ते तसेच पुढे पामीरच्या डोंगराळ भागात गेले. तिथे त्यांना दिसले की गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारी राय जसजसे उंचावर जावे तसतशी वाढत जाते आणि अखेरीस थंडीत गहू हरतो, रायच पीक होऊन बसते. निसर्गात आणि शेतकऱ्याच्या बांधावर पिके कशी घडतात, याचा तो जिवंत पुरावा होता.

यातून त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत आकाराला आला. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची सर्वाधिक विविधता आढळते, तोच बहुधा त्याचा उगमप्रदेश असतो. १९२६ मध्ये त्यांनी अशा उगमकेंद्रांची मांडणी केली. ज्वारी आफ्रिकेतून आली, तर मका, मिरची, बटाटा, शेंगदाणा अमेरिका खंडांतून. वांगे, आंबा यांची केंद्रे मात्र आपल्याकडची. आपली भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी एका ताटात येण्याआधी केवढा प्रवास झाला आहे, हे या नकाशावरून कळते.

या सिद्धांताचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. रोगाला, पाण्याच्या ताणाला किंवा थंडीला तोंड देणारे गुण हवे असतील, तर ते या केंद्रांतल्या गावरान वाणांत शोधावे लागतात. मात्र नवी, एकसारखी वाणे पसरली की जुनी वाणे शेतातून हद्दपार होतात, आणि त्यांच्याबरोबर ते गुणही कायमचे जातात. सगळीकडे एकच वाण असले की एक रोग सगळे पीक झोपवतो. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावरील करप्याने हेच केले होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली.

म्हणून वाविलोव बियाणे गोळा करत फिरले. अफगाणिस्तान, इथिओपिया, भूमध्य समुद्राभोवतीचे देश, जपान, मेक्सिको, दक्षिण अमेरिका असे पाच खंड त्यांनी पालथे घातले. बाजारात, खळ्यावर, डोंगरकपारीत जे मिळेल त्याची मूठभर पुडी बांधून, नोंद करून लेनिनग्राडच्या संस्थेत धाडायची, हा त्यांचा शिरस्ता. १९४० पर्यंत तिथे सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. जगातला तो सर्वांत मोठा बियाणेसंग्रह होता. बी नुसते डब्यात ठेवून भागत नाही, काही वर्षांत त्याची उगवणशक्ती जाते. त्यामुळे ठरावीक काळाने ते पेरून नवे बी धरावे लागे. हे काम देशभरच्या प्रयोगकेंद्रांवर चाले.

पण स्टालिनच्या राजवटीला एवढा धीर नव्हता. नवे वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, तिला ते तीन-चार वर्षांत हवे होते. तसे आश्वासन देणारा माणूस मिळाला, तो म्हणजे ट्रोफिम लायसेन्को. आनुवंशिकताशास्त्रच तो नाकारत होता. सुरुवातीला वाविलोव यांनी त्याच्या प्रयोगांना उत्तेजन दिले होते. पुढे त्याचे दावे अशास्त्रीय आहेत हे ते उघडपणे सांगू लागले. ६ ऑगस्ट १९४० रोजी युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करत असतानाच त्यांना अटक झाली. हेरगिरी आणि शेतीची नासधूस असे खोटे आरोप ठेवून जुलै १९४१ मध्ये त्यांना मृत्युदंड ठोठावला गेला, नंतर तो वीस वर्षांच्या कैदेत बदलला.

इकडे सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. त्या हिवाळ्यात अनेकांच्या वाट्याला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येत होता. संस्थेत तांदूळ, गहू, शेंगदाणे, मका यांचा साठा होता. सहकाऱ्यांनी तो उंदरांपासून, थंडीपासून आणि स्वतःच्या भुकेपासूनही राखला. शहराबाहेरच्या शेतातले बटाट्याचे नमुने तोफगोळ्यांच्या माऱ्यात खणून आणले गेले. शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आणि तांदळाचे अभ्यासक दिमित्री इवानोव यांच्यासह किमान नऊ जण उपासमारीने दगावले. इवानोव यांच्या ताब्यात तांदळाच्या हजारो पुड्या होत्या, त्यांतली एकही फोडलेली नव्हती.

आपला संग्रह वाचला की नाही, हे वाविलोव यांना कळणे शक्यच नव्हते. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात तेही उपासमारीने खंगून गेले. याच शहरात १९१७ मध्ये ते प्राध्यापक म्हणून रुजू झाले होते. १९५५ मध्ये त्यांच्यावरचे आरोप रद्द झाले. पुढे त्यांच्या संस्थेलाच त्यांचे नाव देण्यात आले.

आज बियाणे वाळवून उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवले की अनेक पिकांचे बी कित्येक दशके टिकते. दिल्लीत राष्ट्रीय जनुकपेढी आहे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून जागतिक बियाणे तिजोरी आहे. सीरियातील युद्धामुळे तिथल्या संशोधन केंद्राला आपला संग्रह वापरता येईना, तेव्हा २०१५ मध्ये याच तिजोरीतून बी परत घेऊन तो पुन्हा उभा करायला सुरुवात झाली.

तरी पेढी हे सगळ्यावरचे उत्तर नाही. आंबा, फणस, नारळ यांचे बी वाळवले की मरते, ही झाडे जमिनीतच जपावी लागतात. शिवाय तिजोरीतले बी थिजलेले असते. बदलत्या पावसाशी आणि नव्या किडींशी जुळवून घेणे शेतातल्या बियाण्यालाच साधते. म्हणून जनुकपेढी आणि शेतकऱ्याची कणगी दोन्ही लागतात. एका ठिकाणी बी हरवले, तर दुसरीकडून ते परत आणता येते.